नागसेनच्या छातीतली गाठ

६ मे १९६३, सोमवार. अमरावती.
अकोल्याचा डॉक्टर म्हणे, लेकराच्या छातीत ग्रंथी मोठी आहे. नागसेन झोपेत घुरघुरतो म्हणून सहा महिन्यांच्या पोराला एवढ्या उन्हात मोटारीने नेलं — आणि हे ऐकून आलो. "मोठेपणी सुकूनच जाते, काही कामाची नाही. किरणांचा शेक दिला की आटेल." पुढल्या सोमवारी बोलावलंय. घरी येईपर्यंत ग्रंथीची गाठ झाली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. यांनी पेपर उघडला. यांचं नेहमीचंच!

८ मे. बुद्धपौर्णिमा.
नणंद शालू नागपूरहून आली. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेकाचं ऐकलं आणि खिरीची वाटी खाली ठेवली. "वहिनी, शेक नोका देऊ." विलायतेत हल्लीच कळलं म्हणे — नुकत्या जन्मलेल्या उंदरांची ती ग्रंथी काढली, तर पुढे साध्यासाध्या रोगांनी मेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोवळ्या असताना तिथे जातात, रोगाशी लढायला तिथेच तयार होतात.
"कोन तयार करते त्याइले?" मी विचारलं.
"तिथून निरोप भेटते. निरोप भेटला की पेशी बदलते. निरोप कसा असते, ते आमच्या सरांलेबी अजून ठाऊक नाही."
"मंग डॉक्टरले कसं नाही ठाऊक?"
"त्याच्या पुस्तकात आलं नसन."

९ मे.
कपाळ माझं! सासूबाईंनी दाराआडून 'निरोप' एवढंच ऐकलं. रात्रभर रडल्या. "छातीतून निरोप येऊन राहिला म्हंते शालू. म्हंजे जायाचाच ना?"
म्हटलं, "तसा नाही आई, सांगावा. सांगावा येते म्हणून तर लेकरू वाचते."
"आमच्या धामनगावले सांगावा मेल्यावरच येते बाई."
शालू हसली. हसायला काय झालं? ती दुपारच्या गाडीने परत. समजावत बसायला मी!

११ मे.
यांच्याशी भांडले. म्हणतात, "डॉक्टर जास्त शिकला का शालू?" दोघंही शिकलेत. एकाने फी घेतली, एवढाच फरक. घुरघुर आहे, पण पोरगा दूध पितो, हसतो, अंग धरतो. शेवटी म्हणाले, "बरं, नाही जात." सासूबाई पाळण्याशी बसून राहिल्या. कितीक दिवसांनी वंदनेत मन लागलं.

१३ मे.
नळावरून आले तर पाळणा रिकामा. शेजारच्या माणिकबाई दारातूनच, "अवं, तुया सासूनं अन् नवऱ्यानं अकोल्याची मोटार धरली ना. तुले सांगतलं नाही?"
दिवे लागणीला आले. हे बाहेरच चपला काढत राहिले. "आता भेव नाही," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं तो निरोपच बंद केला."
नागसेनच्या छातीवर शेकाची जागा आखलेला जांभळ्या शाईचा चौकोन. साबण लावला. शाई निघाली.