पांढऱ्यावर पांढरी ओळ

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की वाचनालयाच्या अंकाची प्रुफं न तपासताच परत पाठवलीत, आता डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. फोन ठेवला आणि मला माझीच शिसारी आली. ती अजून गेलेली नाही, म्हणून लिहितेय. बोलायला गेले असते तर पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळी झाले असते.

आधी आमच्या कामाचं सांगते. तुम्ही चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलंत, तुम्हाला चटकन कळेल. मेल बनवताना कुठली ओळ कुठल्या रंगात, केवढ्या आकारात, याच्या सूचना आम्ही सगळ्यात वर एकत्र लिहितो. पण पुष्कळ ठिकाणी मेल पोचते ती हा वरचा भाग कापूनच. तुमच्या छापखान्यात सूचनांचं पहिलं पान हरवायचं तसं. म्हणून पाठवण्याआधी एक प्रोग्राम त्या सूचना उचलून ज्या त्या ओळीच्या अंगावरच लिहितो. एखाद्या भागाला यातून वगळायचं असेल तर त्यावर तशी खूण करायची. फोनच्या लहान पडद्यावर एखादं बटण मोठं व्हायला हवं असतं आणि अंगावरची सूचना आड येते, अशा वेळी ती खूण लागते. सोय चांगलीच आहे. घाण माणसांच्या डोक्यात असते.

लोकांचे जुने फोटो आणि आवाज जपून ठेवणारी आमची कंपनी. फुकटातला जुना साठा पुसायचा असं ठरलं, आणि नियमाप्रमाणे लोकांना कळवणं भाग होतं. त्या मेलची शेवटची चौकट मी आळसानं एका जुन्या मेलमधून उचलली. तिथं गडद पट्टी होती, पांढरी अक्षरं होती आणि ती खूण करून वगळलेलं एक बटण होतं. पट्टी काढली, बटणाच्या जागी सूचनेची ओळ घातली, तिला वरून काळा रंग दिला. खूण काढायची मात्र राहून गेली. त्यामुळे काळा रंग वरच राहिला. वरचा भाग कापला गेला की ओळ चौकटीतल्या जुन्या अक्षरांचा पांढरा रंग घ्यायची, आणि पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसणार?

चाचणीत हे सापडलं तेव्हा मी मोठ्या शहाण्यासारखी साहेबांना सांगायला गेले. खोलीत आदल्या दिवशीच्या डब्याचा आंबूस वास होता. साहेब संत्रं सोलत होते. त्यांनी स्वतःच्या पडद्यावर पाहिलं, तिथं ओळ ठसठशीत काळी. मग माझ्या फोनवर पाहिलं, तिथं कोरी जागा. बी बशीत थुंकून म्हणाले, "ओळ मजकुरात आहे ना? मग आपण कळवलंय. राहू दे तशीच." खोलीतले सगळे हसले. बाबा, मीही हसले. त्या खुणेचा एक शब्द खोडायचा होता फक्त, तो मी खोडला नाही. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर मला हुशार म्हटलं, आणि मी घरी येऊन तीनदा हात धुतले.

आई गेली, पण तिच्या आवाजातलं वाचन तिथंच होतं, आमच्याकडे. ते खातं तुम्हाला मीच उघडून दिलं होतं. आजारपणात तिला तुमच्याजवळ बसवेना, म्हणून तिनं अंथरुणावरून मूळ प्रत वाचून फोनवर रेकॉर्ड करून ठेवली. तुम्ही आपले प्रुफं घेऊन ऐकत बसायचात. तिचं ते "स्वल्पविराम", "नवा परिच्छेद", मधेच खोकला, आणि पुन्हा मागच्या शब्दापासून सुरुवात. ती मेल तुम्हालाही जाणार हे मला माहीत होतं. फोन करावा असं मनात होतं. पण मग तो का करतेय हेही सांगावं लागलं असतं. आज-उद्या करत पंधरा दिवस गेले. आता त्यातलं काहीही परत मिळत नाही, मी सगळीकडे विचारून पाहिलंय.

आणि आवाज पुसला गेल्याचं कळल्यावर जेवणाच्या टेबलावर तुम्ही त्या मेलबद्दल म्हणालात, "मी दोनदा वाचली गं, असलं काही नव्हतं त्यात." त्यावर दादासमोर मी काय म्हणाले, आठवतं? "बाबा, आता जरा नीट बघत जा." तुम्ही मान डोलावलीत आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीत. साहेबांची किळस येते, त्यांच्या संत्र्याची येते, पण या एका वाक्याची जितकी येते तितकी कशाचीच नाही.

काल मी सगळं लिहून, सही करून तक्रार कार्यालयात दिलं आणि नोकरी सोडली. त्यासाठी मला शाबासकी नको, माफीही मागत नाही. एकच करा. ती मेल उघडा, अगदी खाली जा. सहीच्या वर थोडी कोरी जागा आहे. तिथं बोट दाबून धरा आणि हळूहळू पुढं ओढा. निळ्या पट्ट्यावर अक्षरं उमटतील: 'पंधरा दिवसांत "ठेवा" असे उत्तर न पाठवल्यास आपला साठा कायमचा पुसला जाईल.' संपूर्ण ओळ, पूर्णविरामासकट. तुमच्या नजरेतून काहीही सुटलेलं नाही, बाबा. प्रुफं परत मागवा.

तुमचीच,
धाकटी