सोसायटीचा भोंडला आणि माझी खिरापत

२७ सप्टेंबर २०११, मंगळवार
ठरलं. उद्या घटस्थापना. उद्यापासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात भोंडला. नवीन पनवेलला येऊन सहा वर्षं झाली, पण शेजारच्या दारामागे कोण राहतं ते अजून मला माहीत नाही. मोठी माणसं आपणहून एकत्र येत नाहीत. मुलं आली की मागून आया येतील, आयांमागून बाबा. कल्पना माझी. श्रेय नको. नोटिशीवर माझं नाव मोठ्या अक्षरांत आहे ते फक्त संपर्कासाठी.
कोमलला सांगितलं. अकरा वर्षांची आहे. म्हणाली, आई, प्लीज मला सगळ्यांसमोर गायला लावू नकोस. लाजते. आतून खूश आहे.

२८ सप्टेंबर
उपस्थिती उत्तम. म्हणजे कोमल, दोन मुली आणि एक आजी, ज्या बाकावर आधीच बसलेल्या होत्या. पाटावर खडूने हत्ती काढला. एकीने विचारलं, काकू, हे डुक्कर आहे का? मुलांना कल्पनाशक्ती असते.
खिरापतीला कोथिंबीर वडी. मी डबा हलवायच्या आधीच मुलींनी ओळखली. खिरापत कुणाला ओळखता येऊ नये यातच तर करणारीची शान. असो, पहिला दिवस.
तळमजल्यावर नवीन आलेल्या रेबेकाताई गॅलरीतून बघत होत्या. मीच म्हटलं, या ना. माझा स्वभावच मोकळा. अलिबागच्या आहेत, तिथल्या गल्लीत लहानपणी सगळ्या मुलींबरोबर भोंडला खेळलेल्या. गाणी तोंडपाठ. मला दुसऱ्या कडव्यानंतर ला-ला करावं लागतं, त्यांना नाही. आवाज जरा जास्तच मोठा. म्हणाल्या, आज संध्याकाळपासून आमचं ज्यूंचं नवीन वर्ष लागतंय, थांबा हं. आणि घरातून झाकलेलं ताट घेऊन आल्या. मुलींनी बर्फी म्हणून पाहिलं, जेली म्हणून पाहिलं, एकीने साबण म्हणून पाहिलं. शेवटी त्यांनीच सांगितलं, चिकाचा हलवा. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. मला चिकट वाटला. आणखी दोन तुकडे खाऊन खात्री केली.

३० सप्टेंबर
मुली वाढल्या. नोटिशीचा परिणाम.
साबुदाणा वडे केले. ओळखले. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आवारावर उघडते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रेबेकाताईंचं आजही कुणाला ओळखता आलं नाही. त्या नुसत्या हसतात आणि म्हणतात, जवळ आलात गं, अगदी जवळ आलात.
मुली त्यांना मावशी म्हणतात. मला काकू. दोन्ही नातीच. मी यावर अजिबात विचार केला नाही. दुपारी जेवणानंतर चहापर्यंत केला नाही.

२ ऑक्टोबर, रविवार
आज पूर्ण तयारी. खिडकी बंद. ओट्यावर उदबत्त्या. कोमलला देवाची शपथ. पदार्थ माझा स्वतःचा, बिटाचं गोड सारण भरलेली इडली, वरून शेव. कुणालाही ओळखता आली नाही. खाल्ल्यावरही नाही. सांगितल्यावर एकीने परत विचारलं, काय?
दणदणीत विजय. उरलेल्या इडल्या ह्यांना उद्या डब्याला देईन म्हटलं, तर म्हणाले, उद्या मला पित्त होणार आहे.

४ ऑक्टोबर
कचरा टाकायला खाली गेले. रेबेकाताईंच्या दारात चपलांचा ढीग. थोड्या वेळाने आणखी थोडा कचरा निघाला म्हणून परत गेले. ढीग वाढलेला. त्यात कोमलच्या गुलाबी सँडल्स. आत हसणं चाललेलं. माझ्या दारात सहा वर्षांत दूधवाल्याखेरीज कुणी चप्पल काढलेली नाही. दूधवालाही काढत नाही.
कोमलला विचारलं. म्हणाली, मावशीकडे खिरापत आम्हीच करतो. आणि आता ओळखायला आयांना बोलवायचं. मी समजावलं की नियम उलटा आहे, मोठ्यांनी करायची आणि मुलांनी ओळखायची. तर म्हणते, मग आया कशाला येतील?
प्रश्न उद्धट आहे.

५ ऑक्टोबर
सगळ्या आया आल्या. एकीने नवराही आणला. मुलांनी कसलासा लाडू केला होता, डबा छातीशी धरून नाचत होती. मोठ्या बायका शंकरपाळी, अनारसे असं काहीही ओरडत होत्या आणि प्रत्येक चुकीला मुलं उड्या मारत होती.
शेजारच्या दारामागे मोनाली राहते. आज कळलं. म्हणाली, अय्या, तुम्ही आमच्या शेजारी? कधीपासून? मग म्हणाली, रेबेकाताईंनी काय मस्त सुरू केलंय ना हे! मी म्हटलं, हो ना. दाताखाली खडा आल्यासारखं झालं, पण लाडू मऊ होता.

८ ऑक्टोबर, शनिवार
आज रेबेकाताईंचा वर्षातला मोठा उपास. पाणीसुद्धा नाही. सकाळी सिनेगॉगमध्ये जाऊन आल्या, गुडघ्यांमुळे लवकर परतल्या, आता घरातच प्रार्थना. खाली येणार नाहीत. माझ्या मनात काही वाईट विचार आला नाही. फक्त खिरापत दुप्पट केली.
मुलं आली आणि कोमलने सगळ्यांना बजावलं, मावशीचा उपास आहे, हळू. मग अख्खा भोंडला कुजबुजत झाला. इतकी मुलं पाटाभोवती फिरताहेत आणि नुसती फुसफुस. वॉचमन धावत आला, मॅडम, कोण गेलं?
माझ्या संकष्टीला याच मुलांनी माझ्या दारावर क्रिकेट खेळलं होतं.

१० ऑक्टोबर
कोमल सारखी तळमजल्यावर. घरी येते ती काहीतरी न्यायला. आज किसणी घेऊन गेली. कशाला, ते सांगेना. दारातून वळून माझ्याकडे बघून हसली मात्र. माझी किसणी, माझी मुलगी, आणि दोन्ही त्यांच्या ओट्यावर.
उद्या शेवटचा भोंडला. निश्चय : उद्या त्यांची खिरापत मी पहिल्या झटक्यात ओळखणार. दाखवतेच.

११ ऑक्टोबर, कोजागिरी
सगळ्या विंगा खाली. खुर्च्या कमी पडल्या. डबा कोमलच्या हातात. फेर झाला, तिने डबा पुढे धरला. सगळ्यांपुढे नाही, माझ्यापुढे.
मोनाली म्हणाली, ढोकळा? मी वास घेतला. जून काकडी. गूळ. हळदीचं पान. रत्नागिरीला आई करायची, लग्नानंतर मी कधी केलं नाही. मी ओरडले, धोंडस!
बरोबर. पहिल्या झटक्यात. मी जिंकले.
झाकण अजून बंदच होतं. एका छोट्या मुलीने विचारलं, झालं पण? रेबेकाताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, सुनंदाताई, आधी चार वेळा चुकायचं असतं हो. तुमच्या आईंना फोन करकरून शिकली ती. दोनदा करपलं. तुमच्यासाठीच होतं.
कोमलने झाकण काढलं आणि सगळ्यांना वाटलं. मला शेवटी दिलं. हातात नाही, बशीत.
फार छान झालं होतं. गूळ किंचित कमी. हे मी बोलले नाही. मोनालीला बोलले, पण हळू.

तीच संध्याकाळ, घरी
कोमल माझ्याशी बोलत नाही. डबा ओट्यावर ठेवून आत गेली. मी डब्यासमोर उभी राहून मोठ्याने सुरुवात केली. करंजी का गं? शेवयांची खीर? नाही? मग शिरा असणार. घावन? मी म्हटलं, बाई, मला काही येत नाही, तूच सांग आता.
कोमल दारात आली. म्हणाली, आई, डबा रिकामा आहे. घासायला ठेवलाय.
घासला.