सात मीटर पाणी आणि पिवळे गमबूट

२ मे
ज्या व्यक्तीचा आपल्याला अजिबात हेवा वाटत नाही, तिच्या गमबुटांचा रंग आपल्या डोक्यात दिवसभर का राहतो? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पिवळा.

नदीखात्यातली ही नवी इंजिनिअर माझ्याच वयाची. मनात मी तिला गमबूटच म्हणते. पूरआराखड्याच्या मीटिंगला थेट बंधाऱ्यावरून येते, चिखलासकट. आमचे पालिकेचे साहेब लगेच म्हणतात, बघा, याला म्हणतात काम! मीही काम करते. माझ्या कामाला चिखल लागत नाही, हा माझा दोष नाही.

संकल्प: आराखडा असा करायचा, की चिखलाकडे कुणाचं लक्षच जाऊ नये.

५ मे
आईने विचारलं, आराखडा म्हणजे तू नेमकं करतेस काय गं? म्हटलं, नदी चढली तर खालच्या वस्तीतल्या लोकांना कुठे न्यायचं ते ठरवते. वीज, अग्निशमन, नदीखातं, सगळ्यांशी समन्वय साधून. आई म्हणाली, सगळ्यांशी? घरी टीव्हीच्या रिमोटवरून भावाशी तरी साध.

घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचा हाच त्रास. कौतुक सगळे करतात, ऐकत कोणी नाही.

९ मे
गमबूटचा फोन. अगं, एकदा भेटून पातळ्या जुळवून घेऊ या का? लगेच ‘अगं’! ओळख ना पाळख. हिला माझ्या नकाशात शिरायचंय, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. वेळ नाही, असं नम्रपणे सांगितलं. मग दुपारभर वेळ नसल्यासारखी वागले. फार थकवा येतो त्याने.

नाहीतरी नदीचे आकडे त्यांच्या वेबसाइटवर आहेतच. मोठ्या पुराचं पाणी सात मीटर. वस्तीजवळच्या शाळेचं मैदान आमच्या नोंदीत आठ मीटर. म्हणजे शाळा कोरडी. निवारा शाळेतच. माणसाने स्वावलंबी असावं.

१४ मे
आत्या खालच्या वस्तीत राहते. तिला नकाशा दाखवला. गुडघे गेलेत तिचे, त्यामुळे शाळा जवळ म्हणून खूश. म्हणाली, तू ठरवलंयस ना, मग मी डोळे मिटून जाईन बाई. मला भरून आलं.

परतताना सहज मनात आलं: गमबूटला अशी आत्या असेल का? नसावी.

१८ मे
आराखडा मंजूर! टाळ्या. साहेब म्हणाले, पोरीने एकहाती तडीस नेलं. अग्निशमन प्रमुखांनी दोनदा मान हलवली; एरवी ते आग लागल्याशिवाय हलत नाहीत. परवा छापायला जाणार. बाबांनी गल्लीत सांगितलं की आमच्या लेकीने पूर थांबवला. मी दुरुस्त केलं नाही. वडिलांना उलट बोलू नये.

गमबूट मात्र टाळ्या सोडून नकाशाच बघत होती. जळत असेल बिचारी. हेवा वाईटच. माणसाला आतून पोखरतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जिन्यात तिने गाठलं. हळू आवाजात विचारलं, शाळेचे आठ मीटर कुठून मोजलेस? म्हटलं, आमच्या शून्यापासून, जुन्या धक्क्यावरच्या दगडापासून. ती म्हणाली, आमचं शून्य पुलाखाली आहे गं, तुमच्यापेक्षा दोन मीटर वर. आमचे सात म्हणजे तुमचे नऊ.

म्हणजे शाळेत मीटरभर पाणी. आत्याच्या कमरेपर्यंत. आणि शाळा बैठी.

छापायच्या आत साहेबांना तू सांगतेस की मी सांगू, एवढंच विचारलं तिने. सभेत, सगळ्यांसमोर बोलली असती तर निदान तिच्याशी नीट वैर तरी धरता आलं असतं. एवढीसुद्धा सोय ठेवली नाही.

१९ मे
चूक माझी नाही. एकाच नदीला दोन शून्यं ठेवणाऱ्यांची आहे. वेबसाइटवर स्पष्ट लिहायला काय होतं? (लिहिलंय. आज दिसलं. बऱ्यापैकी मोठ्या अक्षरांत.)

शिवाय एवढा पूर दरवर्षी थोडाच येतो?

आत्याचा फोन आला. विचारत होती, शाळेत यायचं झालं तर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही आणू ना? हो म्हणायचं सोडून मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. ती म्हणाली, बरी आहेस ना गं?

२० मे
सकाळीच साहेबांकडे जाऊन मंजूर आराखडा परत मागितला. चूक कोणाची, त्यांनी विचारलं. माझी, म्हटलं. दोन शून्यांचं भाषण पाठ करून गेले होते, पण त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. टाळ्या वाजवणारे सगळे एकाएकी फायलींत बुडाले.

मग नदीखात्यात गेले. तिच्या टेबलापाशी बसून नवा नकाशा काढला. पातळ्या तिने सांगितल्या, रेघा मी मारल्या. निवारा आता टेकडीवरच्या दवाखान्यात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी गाडी. ती तिला सुचली. मलाही सुचणारच होती.

छापायला दिला. नावं दोन, तिचं वर, माझं खाली. अक्षरक्रमाने माझं वर यायला हवं होतं.