फ्रेहिवोतच्या टाचा

तिकिम्त ८, शनिवार

फ्रेहिवोत आज पुन्हा पहाटे गायब! उठले तर तिची गादी गार. उन्हं अंगणात आल्यावर उगवली. म्हणे चर्चला गेले होते. चर्चला जायचं तर पांढरी शाल नको? शाल खिळ्याला टांगलेली, आणि पायांत पळायचे बूट, घोट्यापर्यंत भिजलेले. आजचा दिवस कुठल्या संताचा, तेही तिला धड सांगता आलं नाही.

पाणी कुठंतरी मुरतंय.

एकटीच पळते, दुसरं काय! आमच्या क्लबात चोरी चालेल, पण हे चालत नाही. आमचे प्रशिक्षक गाशे देरिबे पहिल्या दिवसापासून सगळ्या मुलींना बजावत आलेत — एकट्यानं जेवणारा आणि एकट्यानं पळणारा, दोघांवर नजर ठेवा. आम्ही रांगेत पळतो, एकीच्या मागे एक, नजर पुढचीच्या पायांवर. चार वर्षं मी फ्रेहिवोतच्या मागे आहे. तिचा चेहरा कधी विसरेन, टाचा नाही विसरणार.

एक खोली, एक पातेलं, एकाच ताटात जेवण. आणि पळणं मात्र चोरून?

तिकिम्त ९, रविवार

गाशेंनी आज सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात, हिदारमध्ये, परदेशात शर्यत आहे, क्लबातून मुलगी एकच जाणार. तेवीस तारखेच्या रविवारी चाचणी. पहिली येईल ती विमानात बसेल.

पहिली म्हणजे फ्रेहिवोत किंवा मी. बिझू आहे, पण ती अजून कच्ची आहे.

मला यंदा जायलाच हवं. पंचविसावं सरत आलं. पुढच्या वर्षी क्लब नव्या पोरी घेईल आणि मी गावी देब्रे बिऱ्हानला, भावाच्या घरात, वहिनीच्या हाताखाली. शेण गोळा करायला!

दुपारी घरमालकीण एतेते झेनेबेचकडे पाहुणे आले होते. निघताना एतेते सुजलेले गुडघे घेऊन त्यांना पार डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला गेली. दारातून निरोप देणं म्हणजे हाकलणंच, असं तिचं म्हणणं. फ्रेहिवोत तिला धरून परत घेऊन आली. मला म्हणाली, "जितकं लांब पोचवशील, तितकं माणूस नक्की परत येतं." कुठून शिकते असलं, कोण जाणे. मी तिच्याकडे बघत होते. चाचणीबद्दल मात्र ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

तिकिम्त १२, बुधवार

आज रांगेत पुढे तीच. चढावर सुटली नाही, मागेही पडली नाही. राखून पळत होती! मला कळतं.

तिकिम्त १४, शुक्रवार

कापूस!! अंघोळीला फ्रेहिवोतनं बाही वर केली तर कोपराच्या आत कापसाचा बोळा, पट्टीनं चिकटवलेला. मी विचारलं. म्हणाली, रक्त तपासलं, अशक्तपणा वाटत होता. अशक्तपणा? परवा चढावर जिचा श्वाससुद्धा वाढला नाही, तिला?

ताकदीची सुई घेते ही. मागच्या वर्षी दुसऱ्या क्लबातली एक मुलगी पकडली गेली, तीही अशीच गरीब गाय होती.

दिवसभर बोलले नाही तिच्याशी. तिनं रात्रीसाठी डाळीच्या पिठाचं शिरो केलं, नेहमीसारखा पहिला घास माझ्या तोंडाशी आणला. खाल्ला. घास नाकारता येत नाही. पण उतरला नाही.

तिकिम्त १७, सोमवार

बिझूनं सांगितलं, फ्रेहिवोतला तिनं स्टेडियमपाशी पाहिलं, चामड्याच्या जाकिटातल्या एका माणसाबरोबर. त्याच्या काखेत फाइल. दोघं फोटोच्या दुकानात शिरले.

म्हणजे हा शर्यती ठरवणारा माणूस. चाचणीच्या आधीच हिचे पासपोर्टचे फोटो तयार! सौदा झालेला आहे, आणि रविवारी आम्ही सगळ्या फक्त देखाव्याला पळणार.

मांजर डोळे मिटून दूध पितं. मी मात्र डोळे उघडे ठेवणार.

तिकिम्त २०, गुरुवार

पाय उचलत नाहीत. बसूनच लिहितेय. पण लिहून ठेवायलाच हवं.

गाशेंनी काल सांगितलं होतं — गुरुवारी फक्त पाय मोकळे करा, जे काय आहे ते रविवारसाठी पोटात ठेवा. मी ठरवलं होतं, आज हिच्या मागे जायचं, त्या जाकिटवाल्यापर्यंत. चालत किंवा टॅक्सीनं. पळायचं मनातसुद्धा नव्हतं.

पहाटे ती उठली. मी घोरायचं सोंग घेतलं. ती बाहेर पडल्यावर बूट चढवले, शाल घेतली आणि मागे निघाले. आमच्या कोतेबेचा टॅक्सीथांबा आला तर ती थांबलीच नाही. पळायला लागली! सावकाश, हातपाय सैल सोडून. मग मीही.

मेगेनान्याच्या चौकात पहिल्यांदा थांबली, टॅक्सीच्या रांगेशी. बुटाची नाडी बांधत बसली, किती वेळ! टॅक्सीवाली पोरं ओरडत होती, कोतेबे कोतेबे, या बसा. मी भुट्टेवालीच्या आड. कोणाची तरी वाट बघतेय, असं वाटलं. कोणी आलं नाही. पुन्हा निघाली.

बोलेवरून मेस्केल चौक. आता तिथल्या पायऱ्या म्हणजे एका रांगेतून जायचं आणि वरच्या रांगेतून उलट यायचं, सारखं एकमेकांच्या तोंडासमोर. लपायचं कुठं? डोक्यावरून शाल ओढली आणि सकाळच्या सगळ्या पळणाऱ्यांत घुसले. व्यायामाला आलेला एक म्हातारा म्हणाला, "पोरी, थंडी वाजतेय की लाज?" मी मान खाली घातली. फ्रेहिवोत माझ्या समोरून तीनदा गेली. बघितलं नाही. निदान मला तसं वाटलं.

इथंच परत फिरायला हवं होतं. रविवार तोंडावर, आणि अंगातला दम मी सांडत चालले होते. पण संशय माणसाला बसू देत नाही. आज सोडलं तर कधीच कळणार नाही, असं वाटत राहिलं.

मेक्सिको चौकात ती पुन्हा थांबली, पुन्हा टॅक्सीपाशी. मग मेर्काटोचा बाजार. गाढवं, पोती, मिरच्यांचा खकाणा. पाठीवर गादी घेतलेला एक हमाल मला म्हणतो कसा, "नवरा पळाला की काय बाई? सोड त्याला, मी आहे!" सगळी गल्ली हसली. पुढे फ्रेहिवोतचे खांदे हललेले दिसले, पण मागे वळून ती बघेना.

पियासा चढून अरात किलो. तिसऱ्यांदा थांबली, तिथंही टॅक्सीपाशीच. पाणी प्यायली. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. बसावं टॅक्सीत आणि जावं घरी, अगदी पाय उचलला होता. तेवढ्यात ती निघाली आणि मीही निघाले.

शिरो मेदाच्या वस्तीनंतर चढ लागला आणि तिथं माझं डोकं चालेनासं झालं. दमलं की आपण काय करतो? पुढच्या टाचा बघतो. मी तेच केलं. चार वर्षांची सवय! लपायचंच विसरले. भानावर आले तेव्हा मी तिच्या पाठीशी होते, हाताच्या अंतरावर, तिचा पाय पडला की माझा पाय पडत होता. निलगिरीची झाडं, लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया. आमच्या दोघींच्या पायांचा एकच आवाज. आता लिहायला लाज वाटते, पण त्या चढावर मला बरं वाटत होतं.

वर एन्तोतो मरियम चर्चच्या फाटकाशी थांबली, कपाळ टेकवलं. आणि मागे न बघताच म्हणाली, "ये अस्काले, बस."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"मेगेनान्यापासून. तुझा डावा पाय घासतो. चार वर्षं ऐकतेय."

पुडीतले भाजलेले जव आधी माझ्या ओंजळीत ओतले, मग स्वतः घेतले. म्हणाली, "बरं झालं आलीस. मला वाटलं, एकटीलाच यावं लागणार."

"तुला काय वाटलं, मला काही कळत नाही?"

"कळलंय हे दिसतंच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आलीस."

कबूलच केलं की! ना शरम, ना काही. मला वाटलं आता खुलासा करेल, पण ती नुसती खाली शहराकडे बघत बसली. डोळे ओले होते. थंडी असते वर. मग टॅक्सीनं उतरलो, भाडं तिनंच दिलं.

आणि आत्ता, पाय बादलीत सोडून बसल्यावर, माझ्या डोक्यात उजेड पडतोय. मी मागे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तरी मला अख्खं शहर फिरवलं, वरून एन्तोतोचा चढ. रविवारच्या तोंडावर! हिला सुई टोचलेली, हिचे पाय उद्या नवे होतील. माझे?

मला संपवलं हिनं. गोड बोलून, जव चारून संपवलं.

तिकिम्त २१, शुक्रवार

जिना उतरताना कठडा धरावा लागला.

सकाळी गाशेंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कापूस, जाकीटवाला, फोटो, पहाटेचं गायब होणं. संतापले नाहीत, चकितही झाले नाहीत. शिट्टी रुमालानं पुसली.

"पाय कसे आहेत?" एवढंच विचारलं.

"एकदम छान," मी म्हटलं. कालचं कशी सांगणार?

"मग स्वतःच्या पायांकडे बघ. बाकी रविवारनंतर बोलू."

म्हणजे गाशेसुद्धा सामील!

संध्याकाळी फ्रेहिवोतनं पिशवी भरली. मावशीकडे राहायला चाललेय म्हणाली. हं, चाचणीआधी निवांत झोपायला. खांद्याला खांदा लावून मिठी मारली, एकदा, दोनदा, मग सोडेचना. मी उठायला लागले तर म्हणाली, "तू बाहेर येऊ नकोस. तू पोचवलंस मला. पाय राख." टोमणा! माझ्याच पायांवरून!

खिडकीतून पाहिलं. एतेते तिला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला गेली, मावशीकडे जाणाऱ्या मुलीला! आणि पदरानं डोळे पुसत परत आली. म्हातारीलाही गुंडाळलं वाटतं.

शाल इथंच विसरलीय ती. खिळ्यावर आहे.

तिकिम्त २३, रविवार

फ्रेहिवोत आलीच नाही.

सुरुवातीच्या रेघेवर मी मान वळवून वळवून बघत होते. शिट्टी झाली तरी बघत होते. अर्ध्यापर्यंत मी पहिली होते. मग मांड्यांत गुरुवार उतरला, दगडासारखा. बिझू गेली पुढे. मग आणखी एक. मी पुढे बघत होते, पण टाचा ओळखीच्या नव्हत्या.

तिसरी आले. बिझू जाणार. कच्ची बिझू!

गाशे माझ्याशेजारी गवतावर बसले. म्हणाले, "फ्रेहिवोत काल बैरूतला गेली. घरकामाला."

मला कळेचना. मी म्हटलं, ती शर्यतीला...

"कसली शर्यत! मागे तीन बहिणी आहेत तिच्या. चार वर्षं मी तिला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत आलो. दोन आठवड्यांपूर्वीच येऊन सांगितलं तिनं. पहाटे उठून कागदांच्या रांगेत उभी राहायची. रक्ताची तपासणी, फोटो, सगळं त्या दलालानं करून घेतलं." मग म्हणाले, "मी तिला म्हटलं होतं, अस्कालेला मीच सांगेन. आणि सांगितलं नाही. वाटलं, चाचणीआधी तुझं मन कशाला हलवा. ती नसताना जागा तुझीच होती, पोरी. कुणीही सांगितलं असतं."

मी विचारलं, शुक्रवारी मी ते सगळं बोलले तेव्हा का नाही सांगितलंत?

"राग आला होता," ते म्हणाले. "आणि तू म्हणालीस, पाय छान आहेत."

घरी आले. एकटीनं जेवले.

तिकिम्त २६, बुधवार

पळायला गेले नाही. गाशेंनी बिझूला बोलवायला पाठवलं, दार उघडलं नाही. आडवी पडून मेगेनान्याचा थांबा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणते. एवढी लांब नाडी कोण बांधतं?

हिदार २, मंगळवार

एतेतेच्या मोबाइलवर फ्रेहिवोतचा फोन. मागे कुणाचं तरी तान्हं रडत होतं. पहिलं विचारलं, "जागा मिळाली ना?" मी म्हटलं, मिळाली. खूप हसली. मग म्हणाली, "मी शहराचा निरोप घ्यायला निघाले होते, तुझ्यासाठी तीनदा टॅक्सीपाशी थांबले गं. म्हटलं चढेल, पाय वाचतील तिचे. चढलीच नाहीस. तेव्हा कळलं, गाशेंनी तुला सांगितलंय आणि तू मला पार वरपर्यंत पोचवणार आहेस. इतक्या लांब कोण कुणाला पोचवतं, अस्काले? वळून बघितलं असतं तर मी गेलेच नसते." बाळ मोठ्यानं रडायला लागलं. तिनं घाईनं विचारलं, "पोचवायलाच आली होतीस ना?"

मी हो म्हटलं.