साखर कुठून आली

सर, काल टिळकवाडीत तुमच्या घरी गेले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काकू अजून खीर करत नाहीत.

कॉलेजातली तुमची प्रयोगशाळा आठवते. उंदराच्या यकृताचा तुकडा, त्यातल्या एका पेशीत केसाहून बारीक काचेची सुई, आणि श्वास रोखून बसलेले आपण दोघं. मी ग्लुकॅगॉन या हार्मोनचा थेंब सोडते, पडद्यावरची रेघ खाली सरकते. पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो. थोड्या वेळानं बाहेरच्या द्रावात साखर वाढलेली दिसते. मी लिहिलं, ‘वीज बदलली म्हणून साखर निघाली.’ तुम्ही भडकलात. रागावलात की उचगावची बोली यायचीच. “‘म्हणून’ कशाला? ‘नंतर’ लिही. हार्मोन दिल्यावर दोन्ही झालं, एवढंच दिसलंय. न दिसलेलं लिहायचं न्हाय.”

मग तुमचा मुलगा निपाणीजवळ हायवेवर अपघातात गेला. मधुमेह तुम्हाला आधीपासून होताच. तुम्ही जेवण जवळजवळ सोडलंत. तेराव्याला काकूंनी विनवण्या करून खिरीची वाटी पुढं केली, ती दोन घासांवर ठेवलीत. दुसऱ्या दिवशी मी आले, तेव्हा साखर मोजायचं यंत्र तुम्ही माझ्यापुढं सरकवलंत. “बघ. पोटात काय न्हाय, तरी चढतीच हाय. ॲड्रेनॅलिन. यकृताला वाटतंय, मला पळायचं हाय. कुठं पळू गं?”

इन्सुलिन वाढवूनही साखर उतरली नाही. शुद्ध हरपली, दवाखान्यात नेलं, तिथून तुम्ही परत आला नाहीत. भावकीतल्या बायका दारातच काकूंना म्हणाल्या, “साखरेच्या माणसाला खीर घातलीस व्हय?”

काल काकू पहिल्यांदाच त्यावर बोलल्या. “मीच मारलं त्यांस्नी.” मी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं. दोन घासांनी एवढं होत नाही, धक्का बसला की हार्मोन उसळतात, यकृत उपाशीपोटीही साखर ओतत राहतं. काकूंनी नीट ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे आतल्या आत लई सोसलं असंल न्हवं त्यांनी?”

“न्हाय काकू,” मी म्हटलं. “तुमच्या जवळ होते, शांत होते.”

सर, ते खरं नव्हतं, हे फक्त तुम्हाला सांगतेय. काकू अधूनमधून माझ्याकडं येतात, त्यांच्या हाती लागू नये म्हणून हा कागद आत्ताच फाडणार आहे.