चढवलेली माती

माय, काल कपाट आवरताना माझं मॅट्रिकचं इतिहासाचं पुस्तक सापडलं. कपाट आवरायची खरं तर काही गरज नव्हती, पण ते शेवटी सांगते.

दुष्काळाचं ते साल तुला आठवत असेल. तू भूम गावाच्या अलीकडं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचीस आणि मी घरी अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, अभ्यास करायची. म्हणजे करते असं सांगायची. मामानं स्थळ आणलं होतं. तू त्याला म्हणालीस, "पोरगी मॅट्रिक झाली तर फुडं शिकंल. न्हाय झाली तर निकाल लागताच लगीन उरकून टाक." इतकं सरळ होतं सगळं. आणि मी काय करावं? वह्यांना कव्हरं घालायची, वेळापत्रक आखायचं, तिरकं झालं म्हणून पुन्हा आखायचं. सोसायटीच्या दुकानातला मिलो, ती रेशनची तांबडी ज्वारी, मी दोन-दोनदा निवडला. टँकर आला की सगळ्यांत आधी माझी घागर. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "लई कामाची पोर हाय." कामाची कसली, कामचुकार! इतिहासाचं पुस्तक दिसलं की मला अख्ख्या गावाची कामं आठवायची.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला फसवणं सोपं असं मी धरून चालले होते. एक दिवस तू कामावरून आलीस, मिटलेलं पुस्तक आडवं धरलंस आणि पानांच्या कडेकडं बघून म्हणालीस, "एवढंच मळलंय व्हय? बाकीचं पांढरंफेक हाय की गं." दुसऱ्या दिवशी मी शहाणीनं दारातली माती सगळ्या कडेला चोळली आणि संध्याकाळी पुस्तक मांडीवर घेऊन साळसूदासारखी बसले.

तू अंगठा जिभेला लावून कडेवर घासलास. अंगठ्याला माती आली. मला वाटलं, आता बसतोय धपाटा. तू हसलीस, आणि तेच जास्त लागलं. "खड्डा खणताना मधी मातीचा एक खुंट तसाच सोडत्यात," तू सांगायला लागलीस. "किती खोल खणलं ते त्यावरनं मिस्तरी मोजतो. एखादी लई हुशार असती, ती खुंटावर वरनं माती चढवती, खड्डा खोल दिसावा म्हणून. मिस्तरी नुसती काठी लावतो. चढवलेली माती ढासळती गं." मी भोकाड पसरलं. लाज होतीच, पण भीती जास्त होती. मला ते लग्न नको होतं, आणि पुस्तक उघडलं की आपण नापासच होणार असं वाटायचं, म्हणून मी ते उघडतच नव्हते. हे तुला पहिल्यांदा तेव्हा सांगितलं.

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय, येडे? उद्या पुस्तक घिऊन कामावर ये."

दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बाया कामावर वाटलेली सुकडी खातायत, मी मोठ्यानं वाचतेय आणि पान तू उलटतेयस. अक्षर कळत नसलं तरी मी कुठं रेंगाळले ते तुला बरोबर कळायचं. "झालं व्हय? चल फुडं." लढाई अर्ध्यावर राहून कामाची वेळ झाली की एक म्हातारी माझ्यावरच खवळायची, "जिकलं कोन ते तर सांगून जा की, भवाने!" तिच्या धाकानं मी घरी जाऊन पुढचं वाचून ठेवायला लागले. गणितात काठावर निघाले, पण इतिहासात वर्गात पहिली आले. मामाला तू चहा पाजून वाटेला लावलंस. तो चहा पिऊन निघाला तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी खरंच घागर घेऊन पाण्याला पळाले.

गेली तीस वर्षं मी इतिहासच शिकवतेय. पुस्तक आत्ता समोर आहे. मी चोळलेली माती कधीच झडली; शेवटची दोन प्रकरणं पांढरीच आहेत, परीक्षा आली आणि ती राहिली. बाकीची कड मुरमानं तांबडी झालीय, तुझ्या अंगठ्याच्या. मी जिभेला बोट लावून घासून बघितलं, माय. निघत नाही.

आणि कपाटाचं कारण सांगायचं राहिलं. मॅट्रिकच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला आलाय, परवा द्यायचाय, आणि मी अजून त्याची सुतळीसुद्धा सोडलेली नाही. तुला पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून हे पत्र त्या पांढऱ्या पानांत ठेवते. तू फक्त एकदा म्हण, "झालं व्हय? चल फुडं."