चांदणी कशाला भिते

५ फेब्रुवारी
कामरगावच्या माळावर शूटिंग सुरू. मोठ्या टोप्या, कमरेला बंदुका, आणि गावावर सूड घ्यायला कबरीतून उठलेलं भूत. असली टोपी घालून आपल्याकडे कुणी वांगीसुद्धा तोडत नाही. पण घोडी पाहिजे होती, आणि आसपास लग्नाची घोडी एकच, आमची चांदणी. पोस्टरवर तिचं नाव टाकतो म्हणाले, तेवढ्यात पाघळलो.

७ फेब्रु.
पंचाईत. भूत दिसल्यावर घोडी बिथरते असा सीन. चां. ढिम्म. बंदुकीचे बार काढले तर पाय नाचवायला लागली. दहा वर्षं वरातीतले फटाके अन् डीजे ऐकलेत तिनं. मी हसलो. डायरेक्टर हसला नाही.

८ फेब्रु.
डायरेक्टर म्हणे, "उद्या पायात दोर अडकवून पाडू. खाली गादी टाकतो."
"पाय मोडला त काय करू मी? घोडी गेली ना मंग."
"मग तुम्हीच सांगा भाऊ, ती भिते कशाला?"
बोलून बसलो. शिंगरू असताना पोट फुगलं होतं, तेव्हा वैदूनं तापल्या सळईनं डाग दिलेला. लाल सळई दिसली की अजून...
बायको, शोभा, तापली. "दोराचं आयकून डागाचं काहून सांगतलं? सरळ घरी आनाची होती." बरोबर आहे तिचं. मला सुचलंच नाही.

१० फेब्रु.
अट घातली, सळई परक्याच्या हातात नाही. अंगाला लावायची नाही, नुसती दाखवायची. म्हणून भुताचे कपडे मीच चढवले. काळा कोट, टोपी, तोंडाला फडकं. चां. ओळखणार नाही असं वाटलं.
नाहीच ओळखलं. सळई पुढे केली तशी मागच्या पायांवर उभी राहिली, किंचाळली. मग नुसती थरथरत होती. राहवेना. फडकं ओढून काढलं अन् "हो बाई हो, मीच हाव" करत जवळ गेलो. सळई हातातच होती.
डायरेक्टर म्हणाला, एक नंबर शॉट.

११ फेब्रु.
घरी आणली. मी गोठ्यात गेलो की भिंतीला चिकटते. शोभाच्या हातचं खाते. मी मूर्ख आहे, दुसरं काय लिहू.

१४ फेब्रु.
उद्या शिरपूरला वरात. लगाम धरून चालायला मीच लागतो, शोभाला कोण धरू देणार.
शोभा म्हणे, "नवरदेव पडला म्हंजे? नाई म्हना त्याइले." अजून कळवलं नाही.
चार वेळा गेलो. चौथ्यांदा आंघोळ करून, वरातीचा फेटा बांधून. कान मागे पाडून उभी. मूठ उघडून रिकामा हात दाखवला. बराच वेळ हाताकडेच बघत राहिली, मग एक पाऊल मागे गेली. मागे भिंत होती.
सकाळी नऊला वरातवाल्यांची गाडी येते.